वापरणाऱ्याची चूक

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या कंपनीचे संचालक साहेब, प्रमुख पाहुण्या आदरणीय डॉक्टरबाई, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती आमचे काका, त्यांच्या शेजारी बसून मघापासून त्यांची कॉलर सारखी करणाऱ्या काकू, समोर बसलेले माझे सर्व सहकारी, आणि जेवण नेमकं कधी सुरू होतंय याचा अंदाज घेत दारापाशी उभी असलेली मंडळी, आपणा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

माझ्या आधीचे वक्ते फार छान बोलले. काकांची चिकाटी, काकांची शिस्त, काकांचा मितभाषी स्वभाव, सगळं सांगून झालं. आता माझ्यासाठी उरलंय काय? मी या कंपनीत फोन उचलणारी बाई. गिऱ्हाईक चिडलं की पहिला सूर माझ्या कानात. शिवाय मी इथे आले तीसुद्धा उशिरा. कानामागून आली नि तिखट झाली, असं काही जण मला म्हणतात. समोरच बसलेत, नाव घेत नाही. पण आज बोलायला कोण उभं राहणार असा प्रश्न निघाला तेव्हा मी सगळ्यांच्या आधी हात वर केला, कारण काकांच्या कामाचा फायदा इथे ज्यांना ज्यांना झाला त्यांत माझा नंबर पहिला. तो कसा, ते सांगते. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू?

काकांचं काम म्हणजे टेस्टिंग. बाहेरच्या पाहुण्यांसाठी सांगते, इथे काही जण सॉफ्टवेअर तयार करतात आणि काका ते मोडतं कुठे ते शोधतात. तयार करणाऱ्याला वाटतं, झालं बुवा एकदाचं, आणि तेवढ्यात काका चष्मा पुसत येतात. ‘‘एक शंका होती.’’ त्यांचं हे वाक्य ऐकून भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं मी पाहिलंय. माघारी त्यांना शंकासुर म्हणतात हे त्यांना ठाऊक आहे, आणि काकूंनाही. काकू मला म्हणाल्या, ‘‘अगं, घराला कुलूप लावलं की हा माणूस तीनदा ओढून बघतो, आणि मग मला ओढायला लावतो.’’ काका, हसू नका. आज कंपनीने तुम्हाला घड्याळ दिलंय, ते तुम्ही आठवडाभर जुन्या घड्याळाशी ताडून बघणार आहात, यावर मी कोणाशीही पैज लावायला तयार आहे.

तर आता मुद्द्याचं. प्रत्येक सॉफ्टवेअर कंपनीत आणखी एक सॉफ्टवेअर असतं, चुका नोंदवण्याचं. गिऱ्हाइकाने तक्रार केली की ती त्यात चढते, कोणीतरी ती बघतं, दुरुस्त करतं, बंद करतं. ऐकायला किती सोपं! पण आमच्याकडचं ते सॉफ्टवेअर ज्यांनी पहिल्या दिवसांत पाहिलंय त्यांनी जरा मान हलवा. बघा, कशा माना हलतायत! एका बाजूला ‘सोडवली’, खाली ‘मिटवली’, त्याखाली ‘पूर्ण’, आणि शेवटी ‘बंद’. या चौघींत फरक काय? विचारलं की जुना माणूस म्हणायचा, ‘‘सवयीने कळतं.’’ ‘गंभीर’ आणि ‘तातडीची’ असे दोन रकाने शेजारी शेजारी होते. त्यातली गंभीर पण तातडीची नसलेली तक्रार म्हणजे काय असतं, हे मला आजतागायत कोणी समजावून सांगितलेलं नाही. आणि जो माणूस दुरुस्ती करणार, त्याच्या नावाच्या रकान्यावर लिहिलं होतं, ‘जबाबदार कोण?’ आता सांगा, अशा रकान्यात आपणहून स्वतःचं नाव कोण घालेल? महिनोन्‌महिने तो रिकामा. काकांनी पुढे मागे लागून ते बदलून घेतलं, ‘बघतंय कोण?’ असं केलं, आणि नावं पडायला लागली. माणसं तीच होती बरं का.

पण ही झाली गंमत. यातल्या एका लेबलाची मात्र गंमत नव्हती. तक्रार बंद करायची तर कारण निवडावंच लागे. क्लिक केलं की कारणांची यादी उघडायची आणि तिच्यात सर्वांत वर होतं, ‘वापरणाऱ्याची चूक’. इथल्या लोकांची एक पद्धत पडून गेली होती. एखादी तक्रार इथे बसून करून पाहिली आणि काही बिघडलेलं दिसलं नाही, की वरचंच कारण निवडायचं आणि पुढच्या कामाला लागायचं. ‘आम्हाला अजून सापडलं नाही’ असं म्हणायला यादीत जागाच नव्हती. ऑफिसात सगळ्यांना ठाऊक, की ‘वापरणाऱ्याची चूक’ म्हणजे ‘सवड झाली की परत बघू’. घरच्या बाईला माहीत असतं ना, की साखर लिहिलेल्या डब्यात सोडा आहे. तिचं काही अडत नाही. पण पाहुणा स्वतःच्या हाताने चहा करायला गेला तर? आणि आमचं ते शहाणं सॉफ्टवेअर, बंद केलेल्या प्रत्येक तक्रारीचं पत्र कारणासकट आपोआप गिऱ्हाइकाला पाठवत होतं.

त्या वेळी मी गिऱ्हाइकाच्या बाजूला होते. डॉक्टरबाईंच्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये मी टेक्निशियन होते. औषधांच्या दुकानाच्या वरचा मजला, एका खोलीत मी, बाहेर काउंटरवर पावत्या करणारे आमचे दादा, आणि सकाळी सकाळी उपाशीपोटी आलेली, त्यामुळे जगावर रागावलेली माणसं. रक्त काढायचं, नळी मशीनला लावायची, आकडा आला की कॉम्प्युटरवर त्या माणसाच्या नावावर भरायचा. ते सॉफ्टवेअर या कंपनीचं.

एके दिवशी एका वयस्कर गृहस्थांच्या रिपोर्टवर साखरेचा भलताच आकडा गेला. त्यांनी घरी जाऊन जेवण सोडलं. त्यांच्या बायकोनेही सोडलं. मुलाने दुसरीकडे तपासून घेतलं तर साखर अगदी व्यवस्थित. तो मुलगा आमच्या जिन्यावरूनच ओरडत आला. तो आकडा होता दुसऱ्याच कोणाचा तरी. मी हजारदा सांगितलं, मी बरोबर नावावर क्लिक केलं होतं. पण पुढच्याच आठवड्यात तसंच पुन्हा झालं, आणि मग माझाच माझ्यावरचा विश्वास उडायला लागला. घरी आई अंथरुणाला खिळलेली, मुलगी शाळेत, कमावणारी मी एकटी. मला झोपच येईना. नळीवरचं नाव मी मोठ्याने वाचायला लागले. माणसं माझ्याकडे बघायची.

मी कंपनीकडे तक्रार नोंदवली आणि देवाकडे डोळे लावावेत तशी उत्तराची वाट बघत बसले. उत्तर आलं. डॉक्टरबाईंच्या नावावर. ‘आपली तक्रार बंद करण्यात आली आहे. कारण: वापरणाऱ्याची चूक.’

डॉक्टरबाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्या मुळीच रागावल्या नाहीत, आणि तेच फार वाईट होतं. ‘‘मी तुझ्या बाजूने उभी राहिले असते गं,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पण आता कंपनीनेच लिहून दिलंय. उद्या कोणाच्या जिवावर बेतलं तर मी काय सांगू? हा महिना पूर्ण कर.’’ डॉक्टरबाई, तुमची परवानगी घेऊनच हे सांगतेय. तुमच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. पेशंटची काळजी तुम्हीच करायची होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, पण फाशी देणाऱ्याच्या हातात कागदच तसा दिला होता. आणि लॅबच्या धंद्यात एकदा का ‘हिने रिपोर्टची अदलाबदल केली’ असं नावाला चिकटलं, की दुसरी लॅब दारात उभं करत नाही. माझी नुसती नोकरी जात नव्हती, माझं नाव जात होतं.

आणि मग एका दुपारी फोन वाजला.

‘‘सॉफ्टवेअर कंपनीतून बोलतोय. तुमची तक्रार बंद झाली आहे.’’

मी कोपऱ्यात जाऊन अगदी हळू आवाजात म्हटलं, ‘‘माहीत आहे हो. जखमेवर मीठ चोळायला फोन केलात का?’’

‘‘नाही. ती का बंद झाली ते मला कळेना, म्हणून केला.’’

मंडळी, बंद झालेल्या तक्रारी कोण वाचतं? कोणी नाही वाचत. हत्ती गेला, आता शेपूटही गेलं, असं समजून जो तो मोकळा होतो. हा एकटा माणूस आपली कामं आटोपली की बंद झालेल्या तक्रारी उघडून वाचत बसायचा. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. उलट ‘खाजवून खरूज काढू नका’ असंच सांगितलं होतं.

मग सुरू झाले प्रश्न. ‘‘यादीत नाव दिसल्यापासून क्लिक करेपर्यंत तुम्ही काय करता?’’

‘‘काय करणार? हातातल्या नळीवरचं नाव जुळतंय का बघते.’’

‘‘म्हणजे नजर पडद्यावरून निघते.’’

‘‘निघणारच! एका डोळ्याने नळी आणि एका डोळ्याने पडदा, असं जमतं का तुम्हाला?’’

‘‘नाही जमत. बरं, तुम्ही हे करत असताना बाहेरचे दादा काय करत असतात?’’

‘‘अहो, मध्ये भिंत आहे. मला काय दिसणार?’’

पलीकडे कागदावर पेन खरखरलं. मग आवाज आला, ‘‘बाई, एक शंका होती. मी उद्या सकाळी तिथे आलो तर चालेल का?’’

दुसऱ्या दिवशी काका खरंच आले. आणि आले ते सरळ रांगेत उभे राहिले! दादांनी विचारलं, ‘‘उपाशीपोटी आलात ना?’’ काका पडले सत्यवचनी. म्हणाले, ‘‘नाही, चहा घेतलाय.’’ दादा म्हणाले, ‘‘मग उद्या या.’’ आणि हा गृहस्थ खरंच मागे वळला हो! मी पळत बाहेर आले म्हणून, नाहीतर आजचं हे भाषण झालंच नसतं.

काका माझ्या मागे स्टुलावर बसले. मी नळी घ्यायची, आकडा भरायची, दुसरी नळी घ्यायची. नळ्या गरगर फिरवणारं सेंट्रिफ्यूज घरघरत होतं आणि मला माझ्या पाठीवर त्यांची नजर जाणवत होती. मनात म्हटलं, हाही आता म्हणणार, बाई, जरा लक्ष देऊन करत जा. एवढ्यात ते म्हणाले, ‘‘थांबा. बोट उचलू नका. नळीकडे बघा, पडद्याकडे मी बघतो.’’ आणि भिंतीपलीकडे हाक मारली, ‘‘दादा, पुढच्या माणसाची पावती करा!’’

दादांनी नवं नाव भरलं. ते नाव माझ्या पडद्यावर यादीत सगळ्यांत वर येऊन बसलं आणि बाकीची सगळी नावं एकेक ओळ खाली सरकली. माझं बोट होतं तिथेच. त्याच्या खालचं नाव मात्र बदललं होतं. क्लिक केलं असतं तर भलत्याच माणसाचं पान उघडलं असतं, आणि त्या पानावर नाव होतं ते वर कोपऱ्यात, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात. कंपनीत हे कोणाला दिसणार तरी कसं? तिथे एका पडद्यासमोर एकच माणूस बसून बघत होता. पलीकडून पावत्या करणारे दादा तिथे नव्हते.

काकांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, ‘‘बाई, तुमचं बोट जागेवरच होतं. यादी सरकली.’’

मी हातात नळी धरून तिथेच रडायला लागले. मला लाज वाटली नाही. इतक्या दिवसांत, तुझं चुकलं नाही, असं सांगणारा तो पहिला माणूस होता, आणि तो चूक करणाऱ्यांच्या घरचा होता.

पुढचं दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून कधी जाणार नाही. काका केबिनमध्ये गेले. डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘‘पण तुमच्याच कंपनीने लिहिलंय.’’ काका म्हणाले, ‘‘डॉक्टर, ते आमच्या कप्प्याचं नाव आहे. त्या दिवशी हाताशी आलेल्या कप्प्यात आम्ही तक्रार टाकली. या बाईंना कोणी पाहिलंही नव्हतं.’’ डॉक्टरबाई बाहेर आल्या. दादा होते, झाडणाऱ्या मावशी होत्या, रांगेतली उपाशी माणसं होती. सगळ्यांदेखत त्या म्हणाल्या, ‘‘हिची चूक नव्हती. मला ऐकून घ्यायला हवं होतं.’’ आणि काका शेजारी उभे राहून म्हणाले, ‘‘चूक आमची होती.’’ डॉक्टरबाई, हे असं कबूल करायला मोठं काळीज लागतं. तुम्ही आज इथे आलात, त्याबद्दलही मी तुमची ऋणी आहे.

काकांना याचं बक्षीस काय मिळालं? तेव्हाच्या मोठ्या साहेबांनी त्यांना बोलावून खडसावलं, की गिऱ्हाइकासमोर चूक कबूल करायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं? काकांचं टेबल उचलून सामानाच्या खोलीबाहेर ठेवलं. तिथे पंखा पोचत नव्हता. काकू, तुम्ही मला सांगितलंत की त्या उन्हाळ्यात काका घरी आल्यावर फक्त एवढंच म्हणायचे, ‘‘आज कामावर शांतता होती.’’

पण गप्प बसतील तर ते शंकासुर कसले! यादी सरकण्याची चूक लगेच दुरुस्त झाली, पण त्यांना ते लेबलच नको होतं. मीटिंगमध्ये सगळे म्हणाले, नाव काहीही असेना, आपल्याला अर्थ कळतो ना, मग झालं. तेव्हा काकांनी काय केलं? त्या लेबलाबद्दलची तक्रार त्यांनी त्याच सॉफ्टवेअरमध्ये नोंदवली. रीतसर. आणि कोणीतरी सवयीने ती बंद केली. कारण? वापरणाऱ्याची चूक! काकांनी पुढच्या मीटिंगमध्ये ते नुसतं वाचून दाखवलं. आधी खोली हसली, आणि मग एकेक जण हसायचा थांबला. ते लेबल त्याच दिवशी निघालं. त्याच्या जागी काकांनी लिहून दिलं, ‘आम्हाला अजून सापडलेलं नाही’. लोक कुरकुरले, रकान्यात मावत नाही म्हणून. काका म्हणाले, रकाना रुंद करा.

आता तुम्ही विचाराल, माझी तक्रार बंद करणारा तो तरुण प्रोग्रॅमर कोण होता? तो आज अध्यक्षांच्या खुर्चीत बसलेला आहे. अहो, टाळ्या काय वाजवताय! साहेब मला म्हणाले, ‘‘सगळं सांगा, काही गाळू नका. मी स्वतः सांगितलं असतं, पण माझा आवाज बसतो.’’ काका तेव्हा साहेबांना एक शब्द टाकून बोलले नाहीत. फक्त लॅबमध्ये पाठवलं, एक सकाळभर माझ्या मागच्या स्टुलावर बसायला. साहेब त्या दिवशी मला ‘ताई’ म्हणाले ते आजतागायत. पुढे आईचं आजारपण वाढलं, लॅबच्या पहाटेच्या वेळा झेपेनात, तेव्हा फोनवर बसायला त्यांनीच मला इथे बोलावलं.

आता शेवटचं सांगते आणि तुम्हाला जेवायला सोडते. गेल्या महिन्यात मला एक फोन आला. कुठल्याशा लॅबमधली टेक्निशियन, आवाजावरून पोरसवदा. जी काही उचलली ना तिने जीभ! ‘‘आठवडा झाला, तुमचं पत्र येतंय, अजून सापडलेलं नाही. शोधताय की झोपलाय? आमचे सर रोज विचारतात, कंपनीवाल्यांना सापडलं का म्हणून. या ना जरा इकडे, दाखवते मी तुम्हाला!’’ मी फोन कानापासून लांब धरला, आणि मला एवढं भरून आलं की शेजारच्या टेबलावरून कोणीतरी मला पाणी आणून दिलं.

काका, ती ओरडत होती हो! तिच्या मागे माणसांचा आवाज येत होता, म्हणजे सगळ्यांदेखत ओरडत होती. तिला कोणी केबिनमध्ये बोलावलं नव्हतं. तिचे सर तिला नाही, आम्हाला जाब विचारत होते. मी त्याच जागी उभी होते तेव्हा तुमच्याशी कुजबुजत बोलले होते, कोणी ऐकू नये म्हणून. त्या मुलीला ठाऊकही नाही की असं कुजबुजावं लागायचं. कधी कळणारही नाही.

माझं बोलणं लांबलं. पाल्हाळ लावायची सवय आहे, फोनवर तेच करते. मोठ्यांची थट्टा करताना एखादा शब्द जास्त गेला असेल, कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर लहान समजून पोटात घाला. अध्यक्षमहाराज, मला ही संधी दिलीत, तुमचे आभार. काकू, इतकी वर्षं तुम्ही हा माणूस आम्हाला उसना दिलात, तुमचे आभार. आणि काका, माझे आभार तर तुम्हाला पोचलेलेच आहेत. पण ती गेल्या महिन्यात माझ्यावर ओरडलेली मुलगी कधी तुमचे आभार मानायला येणार नाही, म्हणून तिच्या वतीने तुम्हाला वाकून नमस्कार करते.